वाऱ्याचा डोळा आणि बायनाकाकूंची कडी

“आज काय आणलंस रं?”

आप्पांनी अंधारातूनच विचारलं. बाहेर टळटळीत दुपार होती. पण लाईट गेलेली, आणि आमच्या मागच्या खोलीत लाईट गेली की पलंग कुठं, आप्पा कुठं, हे आवाजावरनं ठरवायला लागायचं.

आणलंस म्हणजे फळं-बिळं नव्हे. शब्द. इंग्रजी शब्द.

आप्पा गवंडी होते. परांचीवरनं पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पाय काही धरला नाही. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात आम्ही दोघंच. पुढच्या खोलीत माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. दुपारी शटर अर्धं ओढून मी त्यांना जेवायला घालायचो आणि जेवणाबरोबर एक शब्द सांगायचो. कुठनं आला, आधी अर्थ काय होता, मग काय झाला.

मी बारावीला इंग्रजीतच उडालो होतो. त्या रागात मोबाईलवर बघून बघून इंग्रजी शिकलो, आणि शिकता शिकता शब्दांची खानदानं शोधायचा नाद लागला. आप्पांना तो माझ्यापेक्षा जास्त लागला. इंग्रजीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण कोण मूळचा कुठला, कुणाकडं आला आणि तिथंच कसा राहिला, ह्या गोष्टी आमच्या गावात कुणालाही आवडतात. मग ती माणसं असोत नाहीतर शब्द.

“विंडो,” मी म्हणालो.

“म्हंजी खिडकीच की.” आप्पा हसले. “गवंड्याला खिडकी शिकीवतोयस व्हय? पलूसपासनं कुंडलपतुर खिडक्या बशिवल्यात म्या.”

“बसवल्या असतील. पण शब्दाचा अर्थ माहितीये का? वाऱ्याचा डोळा.”

त्यांचं चावणं ऐकू यायचं थांबलं.

“लई पूर्वी उत्तरेकडचे दर्यावर्दी लोक जहाजं घेऊन इंग्लंडात घुसले. आले लुटायला, आणि शेतं करून राहिले. त्यांचा शब्द हा. पुढचा तुकडा वाऱ्याचा, मागचा डोळ्याचा. बोलून बोलून झिजला, आता डोळा ओळखू पण येत नाही. तेव्हा घराला काच कुठली? भिंतीला नाहीतर छपराला भोक. त्यातनं चुलीचा धूर बाहेर, वारा आत.”

“मग इंग्रज त्याच्या आदी खिडकीला काय म्हणायचं?”

“त्यांचा वेगळा शब्द होता. डोळ्याचं भोक, असा काहीतरी अर्थ. तो मेला, पाहुण्यांचा टिकला. आणि आपल्याकडं जुन्या भाषेत गवाक्ष म्हणायचे. तो गाईचा डोळा.”

“तिकडंबी डोळा अन् हिकडंबी डोळा.” आप्पांना ते फारच पटलं. अंधारात मांडीवर थाप मारल्याचा आवाज आला. “बराबर हाय. चौकट बशिवली की घराला दिसाय लागतंय. लई बगितलंय म्या.” मग जरा थांबून म्हणाले, “ही खोली तेवढी आंधळी जल्माला आली.”

मी पुढची भाकरी मोडली. त्यांचा हात आडवा येऊन माझ्या हाताला लागला.

“बास. सकाळचं एवढं जात न्हाई रं.”

“आप्पा, दुपार आहे.”

“हां,” ते म्हणाले. “दुपार व्हय.”

हे आताशा रोज व्हायला लागलं होतं. संध्याकाळी चहा दिला की म्हणायचे, दूधवाला येऊन गेला का? रात्री मध्येच टक्क जागे, दिवसभर झोप. जेवण निम्म्यावर आलेलं. डॉक्टर म्हणाले होते, “यांना उजेडात ठेवा. दिवस-रात्रीचं गणित सुटलं की माणूस सुटायला वेळ लागत नाही.” मी दुकान बंद करून पलंग पुढं घेतो म्हणालो, तर आप्पा खवळले. “गिऱ्हाइकासमोर माझी लंगोटं बदलणार हायस व्हय?” आणि संडास मागच्या खोलीला लागूनच, ते एक होतंच.

उजेड यायला एकच बाजू होती. पलंगाच्या कडेची भिंत. तिच्या पलीकडं बायनाकाकूंचं परसू. तुळस, शेवगा, धुणं धुवायचा दगड, आणि दिवसभर रग्गड ऊन. वीतभर जाडीच्या विटांनी अडवलेलं.

दुसऱ्या दिवशी मी सरळ हातोडा आणि छिन्नी घेऊन खोलीत आलो.

“काय करतोयस?”

“भिंत फोडतो. खिडकी काढतो.”

“हात लावायचा न्हाई.” ते पडल्यापासनं एवढा खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता. “छिन्नी लावलीस तर मी जेवायचा न्हाई. सांगून ठेवतोय.”

मग त्यांनी सांगितलं. मला माहीतच नव्हतं हे.

बायनाकाकूंचे मालक रंगनाथ आणि आप्पा एका वयाचे, दोस्त. आप्पांनी ही खोली बांधायला काढली तेव्हा आमची जागा हातभर अलीकडंच संपत होती. खोलीत पलंग आडवा मावेना. रंगनाथकाका बघायला आले आणि म्हणाले, “दत्तू, माझ्या जागंत घे की हातभर. नव्या नवरीला काय उभ्या उभ्या झोपीवणार हायस?” फुकट दिली जागा. ना कागद, ना साक्षीदार. फक्त एक गोष्ट मागितली. परसाकडं खिडकी काढायची नाही. त्यांच्या घरच्या बाया तिथं तट्ट्याच्या आडोशाला आंघोळ करायच्या.

“त्याच तुळशीवर हात ठिवून शब्द दिलाय म्या,” आप्पा म्हणाले.

“पण आता न्हाणी घरात झाली त्यांची. परसात काकू एकट्या असतात.”

“शब्दाला न्हाणी ठाव नसती.”

“मग काकूंना म्हणा, सोडा शब्द.”

“देणाऱ्यानं मागायचा नसतू, येड्या. घेणाऱ्यानं सोडायचा असतू. अन् घेणारा बसलाय वर जाऊन.”

बोलणं संपलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. म्हणजे केलं असावं. आवाज तिकडं वळला.

मी काकूंकडं गेलो. त्या परसात चिंचा फोडत बसल्या होत्या. उंच, काटक बाई. पदर खोचलेला. बोलणं असं की गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांच्या दारावरनं सरळ चालायची. मुलगा भोसरीला. इथं त्या एकट्या.

“या, शब्दवाले. काय काम काढलं?”

“काकू, आप्पांना उजेड लागतो. भिंतीला एक खिडकी काढायची होती. लहानशी.”

दगड वर उचललेला तसाच राहिला. मग चिंचेवर बसला.

“पोरानं बजावून ठिवलंय मला. आई, कुणाला खिळा ठोकू दिऊ नको. खिडकी म्हंजी हक्क. उद्या जागा इकाय काढली की खिडकीवाला उभा ऱ्हातोय, माझा उजेड अडवू नका म्हणत.”

“आम्ही तसं करू का?”

“तू न्हाई करणार. तुझी बायकू करंल. अजून यायचीय ती, मला काय ठाव कसली येतीय?” पुढची चिंच घेतली. “अन् तुझ्या बापाला पायजेल तर त्येनं मागावं. पाय मोडलाय, जीभ न्हाई मोडली.”

“ते मागणार नाहीत. काकांना शब्द दिलाय म्हणतात.”

“दिलायच. मी हुते की तिथं.”

“मग तुम्ही सोडा ना.”

“त्यांनी घेतलेला शब्द मी सोडायची? वर गेल्यावर मला इचारलं, तर काय सांगू?”

दोन्हीकडनं कुलूप. आणि दोघांकडं किल्ली नाही. मला खरंच राग आला. म्हटलं, वर छताजवळ एक जाळी तरी. म्हणाल्या, खालचं काय अन् वरचं काय, भोक ते भोक. दुसरं काही सुचेना म्हणून मी त्यांनाही तीच विंडोची गोष्ट लावली. थंड मुलूख, छपराचं भोक, धूर बाहेर, वारा आत. काकू फोडायचं थांबल्या.

“वाऱ्याचा डोळा? माणसाचा न्हाई?”

“वाऱ्याचा.”

“कळतं म्हणायचं त्या लोकास्नी.” त्यांनी हाताला चिकटलेला चिंचेचा गर पुसला. “तुझा बाप ह्ये ऐकून काय म्हणला?”

“म्हणाले, ही खोली आंधळी जल्माला आली.”

काकूंनी पुढची चिंच दगडाखाली घेतली. मग एकदम, “जा आता. दुकान उघडं टाकून आलायस. कोणतरी फोन उचलून नेईल.”

मी परत आलो तो सगळं वाया गेलं असं धरूनच.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्ध्या शटरखालनं वाकून काकू आत आल्या. पदराखाली वाटी. शेवग्याची आमटी. दुकानातनं सरळ मागं चालायला लागल्या. लाईट नव्हतीच. मी मोबाईलची बॅटरी लावली, तर त्यांनी माझा हात खाली दाबला.

“त्येंच्या डोळ्यावर मारू नको.”

“कोण हाय?” आप्पा.

“मी, बायना.”

पलंग करकरला. आप्पा उठून बसायचा प्रयत्न करत होते. “या, या वयनी. एवढ्या सकाळचं?”

काकूंनी माझ्याकडं बघितलं. उन्हातनं आलेल्या, कपाळावर घाम. मी मान खाली घातली.

“व्हय भावजी,” त्या म्हणाल्या. “सकाळ सकाळचंच म्हणलं, बघून यावं.”

वाटी माझ्या हातात दिली. मग त्या भिंतीपाशी गेल्या. तळहातानं भिंत चाचपत राहिल्या, म्हैस घेताना तिच्या पाठीवरनं हात फिरवतात तसा.

“ह्या विटा मी दिल्यात हाताखाली. आठवतंय?”

“आठवतंय की. निम्म्या फोडल्या हुत्या तुमी.”

“निम्म्या न्हाई. चार-दोन.” त्यांनी भिंतीवर थाप मारली. “भावजी, भिंत कुणाची ही?”

“माझी.”

“अन् खालची जागा?”

आप्पा अडखळले. “रंगाची.”

“म्हंजी आता?”

“तुमची, वयनी. मी कदी न्हाई म्हणलोय?”

“मग झालं तर. माझ्या जागंत उभ्या असलेल्या भिंतीला मला खिडकी पायजे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“तुमाला?” आप्पा म्हणाले.

“मला. माझ्या परसातनं उघडणारी. कडी-कोयंडा माझ्या बाजूला. मी उघडीन तवा उघडंल, मी लावीन तवा लागंल. तुमी हात लावायचा न्हाई. अन् पोरालाबी सांगून ठेवा.”

“पर वयनी, खिडकी काढायची न्हाई असा शब्द दिलाय म्या.”

“तुमी कुठं काढताय? मी काढतीया. तुमी आपलं पडून ऱ्हावा.”

मग एक बारीक खिंकाळल्यासारखा आवाज. मी घाबरलो, म्हटलं श्वास अडकला. तर आप्पा हसत होते. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता परत हसू.

“वयनी, कडी भायेरनं असलेली खिडकी म्या जल्मात बशिवली न्हाई. तसली तुरुंगाला असती.”

“मग आता बशिवा. उगं मोठा गवंडी म्हणवून घेताय.”

त्या आठवड्यात भिंत फुटली. चौकट जुन्या बाजारातनं आणली, सागवानी, दोन झडपांची. बाहेरचा माणूस लावायचा नाही, असं आप्पांनी आधीच ठरवलं होतं. मी छिन्नी मारायची आणि त्यांनी पलंगावरनं शिव्या द्यायच्या, अशी वाटणी.

“वरचा कडाप्पा बसल्याबिगार खाली हात लावू नको! भिंत डोक्यावर घेशील!”

“कळलं.”

“कळलं म्हणतोय अन् तिरकं मारतोय. मोबाईल न्हाई त्यो. सरळ मार.”

पलीकडं काकू पाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या तुळशीवर खडा पडू नये म्हणून. त्यांचाही आवाज भिंतीतनं येत होता. सावकाश, अरं सावकाश.

मग एक वीट हलली. मी ती आत ओढली. माझी कल्पना होती की आता उजेडाचा झोत येईल, वारा येईल. तसं काही झालं नाही. त्या भोकात पहिल्यांदा आला तो काकूंचा डोळा. भोकाला लावलेला, बारीक केलेला, इकडं तिकडं फिरणारा.

“दिसाय लागलं का?” आप्पांनी विचारलं.

“दिसतंय की.” डोळा त्यांच्यावर येऊन थांबला. मग पलीकडचा आवाज बदलला. “अगं आई. केवढं वाळलायसा भावजी!”

“तुमी सरा की बाजूला, मला बगू द्या.”

काकू सरल्या. उजेड आत आला, आणि आप्पांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. बऱ्याच वेळानं बोटं फाकवून बघितलं. काकू आता भोकापासनं लांब, उन्हात उभ्या होत्या. पांढऱ्या केसांत विटकरीचा भुगा.

“तुमीबी काय लई ताज्या न्हाई ऱ्हायलासा, वयनी.”

पाटीतला एक खडा भोकातनं आत आला. माझ्या कानाजवळनं गेला.

तेव्हापासनं रोज सकाळी कडी वाजायची. झडपा बाहेर उघडायच्या आणि काकू ओरडायच्या, “उठा भावजी, तांबडं फुटून गेलं!” दिवे लागायच्या आधी परत यायच्या, लावून घ्यायच्या. मधल्या वेळात त्यांचं सगळं काम त्या खिडकीसमोर. चिंचा, निवडणं, धुणं. आणि भांडण. गावात कोण कुणाचं कोण, ह्यावर दोघांचं कधी जमलं नाही. आप्पांनी जास्त तोंड चालवलं की काकू भर दुपारी खिडकी लावून घ्यायच्या, आणि आप्पा आतनं, “वयनी, चुकलं, उघडा,” करत बसायचे. हात लावायचा नाही असं ठरलेलं. आणि लावला असता तरी कडी त्यांच्या हातात कुठं होती?

एके दिवशी मी ताट घेऊन गेलो तर आप्पा म्हणाले, “आज लवकर आलास. शेवग्याची सावली अजून दगडावर न्हाई आली.”

मी घड्याळ बघितलं. लवकरच आलो होतो. ताट खाली ठेवलं आणि पाणी आणायच्या निमित्तानं पुढं जाऊन जरा वेळ उभा राहिलो.

शब्द मी अजून आणायचो. पण आता ते दोघांना सांगायला लागायचे, आणि काकू प्रत्येक शब्दाला, “ह्ये तू मनानं बनवतोयस,” म्हणायच्या.

दिवाळीला काकूंचा मुलगा आला. परसात गेला आणि बघतच राहिला. “आई! म्या काय सांगितलं हुतं? ह्यांचा हक्क लागतोय आता!”

“ह्यांची कुठाय? माझी खिडकी हाय,” काकू म्हणाल्या. “कडी बग की कुठल्या बाजूला हाय ती.” त्यानं कडी बघितली, आप्पांकडं बघितलं. आप्पांनी आतनं हात जोडले. मग कडी एकदा वाजवून बघितली आणि घरात गेला.

त्या थंडीत आप्पांची छाती भरली. डॉक्टर आता उजेडाचं काही बोलत नव्हते. बाकीचंही फारसं बोलत नव्हते. आप्पांना मात्र सगळं कळत होतं. वार, वेळ, कुणाच्या ऊसाला तोड आली, सगळं.

एका संध्याकाळी काकू खिडकी लावायला आल्या. एक झडप ओढली, दुसरीला हात घातला.

“वयनी, आज ऱ्हाऊ द्या उघडी.”

“गार वारं सुटलंय, भावजी.”

“म्हणूनच.”

काकूंचा हात झडपेवर तसाच. मी पलंगाच्या कडेला बसलो होतो. आप्पांचा श्वास मोठ्यानं येत होता.

“रातीची उघडी ठेवायचं ठरलं नव्हतं आपलं,” काकू म्हणाल्या.

“न्हवतं ठरलं. रंगाबी इचारंल मला. शब्द दिऊन खिडकी सताड टाकून झोपलास व्हय, म्हणंल.”

“ते कुठं भेटत्यात तुमाला?”

“भेटंल की.”

काकूंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. तुळशीत दिवा लावून आल्या होत्या, हाताला तेलाचा वास असावा. मग ओढलेली झडपही परत उघडून टाकली, पार भिंतीला टेकेपर्यंत.

“भेटलं, तर सांगा त्यास्नी. बायनानं उघडी ठेवलीया म्हणावं. काय इचारायचं ते मी आल्यावर मला इचारा.”

“सांगतो,” आप्पा म्हणाले.

काकू गेल्या. कडी वाजली नाही. बाहेर अंधारत चाललं होतं, शेवगा हलत होता, आणि वारं सरळ पलंगावर येत होतं. मी उठलो आणि गोधडी आप्पांच्या गळ्यापर्यंत ओढली.

“तोंडावर नगं,” ते म्हणाले.